रसायनशास्त्र शिकवण्याच्या तंत्रज्ञानावर पीएच.डी. केली, तर तिला खरे संशोधन म्हणतात का?

तुम्ही लिहिले आहे की पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले, नेटही झाली, आणि संगणकावरची प्रयोगशाळा व विद्यार्थ्यांचे शिकणे या विषयात काम करण्याची इच्छा आहे, परंतु विभागातले वरिष्ठ म्हणतात, "ते शिक्षणशास्त्रवाल्यांचे काम, यात रसायन कुठे आहे?" हेच वाक्य मी माझ्या संशोधन सल्लागार समितीसमोर उभी असताना ऐकले आहे, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे. एका शब्दात हवे असेल तर: होय, ते खरे संशोधन आहे. ज्यांना तसे वाटत नाही त्यांच्यापैकी बहुतेकांनी गेल्या कित्येक वर्षांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याशेजारी उभे राहून त्याच्या ब्युरेटकडे, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडणाऱ्या खुणांच्या काचनळीकडे, पाहिलेले नसते.

माझी पदवी केमिकल इंजिनिअरिंगची. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत दोन वर्षे काढून मी पुण्यात शिकवायला आले. आमच्या संस्थेचे अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालय एकाच आवारात असल्यामुळे विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेशी माझा संबंध आला. तिथे एका तुकडीला पुरतील इतके बर्नरही नव्हते. म्हणून मी परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या टायट्रेशनचे (एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने घालून प्रमाण मोजण्याच्या प्रयोगाचे) एक सिम्युलेशन तयार केले, जेणेकरून मुले आधी संगणकावर हात बसवतील आणि मग काचेला हात लावतील. माउसने ब्युरेटची तोटी उघडायची, थेंब पडायचा, जांभळा रंग क्षणात नाहीसा व्हायचा, आणि शेवटी फिकट गुलाबी छटा टिकली की वाचन घ्यायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

सिम्युलेशनवर सराव केलेली तुकडी प्रत्यक्ष प्रयोगाला बसली, तेव्हा काही मुलांनी ब्युरेटवर ०.२ मि.लि. वाचन असतानाच हात वर करून एंड पॉइंट, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण, आल्याचे सांगितले. वाचन दहाच्या आसपास यायला हवे होते. मी द्रावणांवर संशय घेतला, ती पुन्हा तयार करून घेतली, पिपेट बदलल्या, मुलांना रागावलेही. शेवटी आमच्या प्रयोगशाळेतले मामा, ज्यांनी फ्लास्क धुण्यात आणि मुलांच्या चुका पाहण्यात अवघी नोकरी घालवली होती, शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरवर पहिला थेंब लगेच जातो. खऱ्यात तो थांबतो."

ज्यांनी हे टायट्रेशन केले आहे त्यांना कारण माहीत असते, मलाही माहीत होते, आणि तरीही ते मला दिसले नव्हते. या अभिक्रियेचा उत्प्रेरक, म्हणजे तिचा वेग वाढवणारा पदार्थ, आहे मँगनीजचा द्विसंयुजी आयन, आणि तो सुरुवातीला फ्लास्कमध्ये नसतोच, अभिक्रियेतूनच तयार होतो. म्हणजे दुधात विरजण बाहेरून न घालता दुधानेच ते हळूहळू तयार करावे आणि मग भराभर दही लागावे, असा प्रकार. म्हणून पहिला थेंब रेंगाळतो, पुढचे झटपट जातात. द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवून घ्यायचे तेही अभिक्रिया मंद असल्यामुळेच, आणि एका बर्नरवर चार मुलांचे फ्लास्क रांगेत असले की चौथ्याचा पाळी येईपर्यंत थंड होतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये मात्र फक्त मोलचा, म्हणजे कोणता पदार्थ किती लागतो याचा, हिशेब होता. वेळ हा घटकच मी घातला नव्हता. ज्या मुलांनी संगणकावर कधीही रेंगाळणारा रंग पाहिला नव्हता, त्यांनी रंग टिकला म्हणजे संपले, असा अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष काढला. त्यांना चूक शिकवली होती ती मी.

माझा प्रबंध इथून सुरू झाला. सिम्युलेशनमध्ये मी वेगाचे समीकरण घातले, ज्यात तयार झालेल्या मँगनीजच्या प्रमाणात वेग वाढतो आणि तापमान उतरले की कमी होतो. हे गणित मला केमिकल इंजिनिअरिंगने दिले, कारण स्वयंउत्प्रेरित, म्हणजे आपला उत्प्रेरक आपणच तयार करणाऱ्या, अभिक्रियेला सुरुवातीच्या टप्प्यात नळीसारख्या रिअॅक्टरपेक्षा ढवळती टाकी अधिक मानवते हे आम्ही तिसऱ्या वर्षाला घोकलेले असते. त्याच्या जोडीला मुलांना प्रत्यक्षात दोन फ्लास्क दिले, एकात चिमूटभर मँगनीज सल्फेट आणि एक तसाच, आणि पहिला थेंब टाकण्याआधी काय होईल ते लिहून घेतले. दोन्ही फ्लास्कमधला फरक पाहून मुले जे प्रश्न विचारू लागली, ते प्रश्न गोळा करणे आणि त्यांचे वर्गीकरण करणे हे माझ्या कामाचे तिसरे अंग. यात रसायन कुठे, अभियांत्रिकी कुठे आणि शिक्षण कुठे, याच्या रेषा तुम्हाला आखता येत असतील तर आखा, मला आल्या नाहीत.

समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांचा आक्षेप असा होता की हार्कोर्ट आणि एसन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८६६ मध्येच या अभिक्रियेच्या वेगाचा अभ्यास केला आहे, मग तुमचे नवे काय? आक्षेप अभ्यासू होता, हे मान्य करते. पण त्या वेळी मला जे बोलता आले नाही ते इथे लिहिते. सर, अभिक्रियेबद्दल नवे काहीच नाही. दीडशे वर्षे माहीत असलेली गोष्ट पुस्तकात वाचलेल्या, परीक्षेत लिहिलेल्या विद्यार्थ्याला हातात ब्युरेट असताना का आठवत नाही, हे नवे आहे, आणि त्याचे उत्तर मँगनीजच्या रसायनावाचून देता येत नाही. रसायन-शिक्षणाचे संशोधक, ग्लासगोचे अॅलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ मध्ये मांडले होते की रसायनशास्त्र डोळ्यांना दिसणारे, रेणूंच्या पातळीवरचे आणि चिन्हांचे अशा तीन पातळ्यांवर एकाच वेळी चालते. शिक्षक सहज एकीवरून दुसरीवर उडी मारतो आणि नवशिक्याची त्यात दमछाक होते. माझी मुले रंग पाहत होती, वहीत समीकरण लिहीत होती, आणि मधली पातळी, जिथे उत्प्रेरक जन्माला येत होता, ती माझ्या सिम्युलेशनने पुसून टाकली होती.

शिक्षणशास्त्राच्या बाजूनेही मला सोडले नाही. तिकडचे म्हणाले की नमुना लहान आहे आणि तुमच्या निम्म्या पानांवर समीकरणे आहेत. इकडे आड, तिकडे विहीर. तरीही तुमच्या वरिष्ठांच्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण त्यांचा तिरस्कार अगदी निराधार नाही. आपल्याकडे "अमुक अॅपची परिणामकारकता" या साच्याचे प्रबंध निघतात: एका वर्गाला फळा, दुसऱ्याला अॅनिमेशन, आधी चाचणी, नंतर चाचणी, दोन्ही सरासऱ्यांतला फरक तपासणारे टी-मूल्य काढले, फरक लक्षणीय आला, झाले. यातले बरेचसे लिहिले नसते तरी चालले असते. शिक्षणातील माध्यमांचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच बजावले होते की माध्यम हे केवळ वाहन आहे, किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे आपले पोषण सुधारत नाही. त्यावर त्याच क्षेत्रातले संशोधक रॉबर्ट कोझमा यांनी १९९४ मध्ये उत्तर दिले की माध्यम शिकण्यावर परिणाम करते का, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या माध्यमाचा कोणता गुणधर्म, कोणत्या कामात, कोणत्या विद्यार्थ्याला उपयोगी पडतो, ते विचारा. याच कोझमांनी पुढे रसायनशास्त्रातले तज्ज्ञ आणि नवशिके एकच घटना आलेख, समीकरण आणि अॅनिमेशन यांतून कशी वेगवेगळी वाचतात, यावर काम केले. माझ्या अनुभवाने मी कोझमांच्या बाजूची आहे: माझ्या ट्रकने किराण्यातला एक डबा वाटेतच खाली टाकला होता. मात्र रेणूतला एखादा मिथिल गट इकडचा तिकडे करून वर्णपट छापणे हे खरे संशोधन आणि हे खोटे, असे म्हणणाऱ्यांनी आपला साचाही एकदा तपासावा.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. या विषयाला घर नाही, असे नाही. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे आणि तिथे विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करता येते, आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा पीएच.डी. कार्यक्रम आहे. अमेरिकन केमिकल सोसायटीचे रसायन-शिक्षणाचे जर्नल १९२४ पासून निघते, म्हणजे पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेपेक्षा ते पाव शतकाने मोठे आहे. पुण्यातच राहायचे असेल तर रसायनशास्त्रात नोंदणी करून शिक्षण संशोधनातला सहमार्गदर्शक घ्यावा, असे माझे मत आहे. उलट क्रम मला धोक्याचा वाटतो, कारण सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीत पहिला प्रश्न पीएच.डी. कोणत्या विषयात, हाच येतो, आणि शीर्षकात शिक्षण हा शब्द दिसला की रसायनशास्त्राच्या जागेसाठी छाननी समिती खल करत बसते. माझ्या बाबतीत हा खल दोनदा झाला. शिष्यवृत्तीही रासायनिक विज्ञानातल्या नेटवर मिळाली असेल, तर कामाचा विषय त्या चौकटीत बसतो हे मार्गदर्शकाकडून आधीच लेखी घ्या.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नाही. प्रयोगशाळेतली अभिक्रिया बिघडली तर ती उद्या पुन्हा करता येते. विद्यार्थी मात्र परमँगनेटचा पहिला रेंगाळणारा थेंब आयुष्यात एकदाच पहिल्यांदा पाहतो. म्हणजे तुमचा प्रयोग वर्षातून एकदा, त्या एका आठवड्यातच होऊ शकतो, आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार तुमच्याकडे किमान तीन व कमाल सहा वर्षे आहेत, त्यातली सुरुवात कोर्सवर्कमध्ये जाते. प्रथम वर्षातली काही मुले अठराच्या आतली असतात, त्यामुळे पालकांची संमतीपत्रेही सत्र सुरू होण्यापूर्वी हातात हवीत. माझी नोंदणी टायट्रेशनचा आठवडा उलटून गेल्यावर झाली, आणि त्या वर्षीची पूर्ण तुकडी माझ्या हातून गेली.