भाद्रपद येण्याआधी : भटक्या कुत्र्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रे भटक्या कुत्र्यांविषयीची होती. काही रागाने लिहिलेली, काही कळवळ्याने. आणि दोन्ही प्रकारची पत्रे वाचताना मला लिहिणाऱ्यांचे म्हणणे पटत होते. पशुवैद्य म्हणून तीस वर्षे या कामात घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की अर्धवट केलेली नसबंदी आणि अर्धवट केलेले लसीकरण यांतून पैसा जातो, जनावरांना त्रास होतो आणि गल्ली होती तशीच राहते. निवडक पाच पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या आवारात आणि समोरच्या गल्लीत तीन वर्षांपूर्वी आठ कुत्री होती. महापालिकेच्या गाडीने त्यांतली पाच नेली, नसबंदी केली आणि परत आणून सोडली. आज तिथे तेरा कुत्री आहेत. मग या नसबंदीचा उपयोग काय? आणि पकडलेली कुत्री दूर कुठेतरी का सोडत नाहीत? (गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, ठाणे)

आपल्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे. त्या पाचांत माद्या किती होत्या? बहुतेक वेळा हाताला सहज लागतात ते माणसाळलेले नर, आणि माद्या, त्यातही बुजऱ्या माद्या, गाडीचा आवाज ऐकूनच पसार होतात. नर कितीही उचलले तरी एक नर मोकळा राहिला की गल्लीतल्या सगळ्या माद्यांना तो पुरतो. मादी साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते, सुमारे 63 दिवसांनी विते आणि एका वेळी चार ते सहा पिल्ले देते. त्यांतली बरीचशी थंडीत, गाड्यांखाली आणि रोगाने दगावतात. तरीही दोन माद्या सुटल्या असतील तर तीन वर्षांत आठाची तेरा होणे मला मुळीच आश्चर्याचे वाटत नाही.

उद्या सकाळी सहाच्या आधी, गल्ली जागी होण्यापूर्वी, कागद-पेन्सिल घेऊन खाली उतरा. प्रत्येक कुत्र्याच्या कानाचे टोक पाहा. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला ‘व्ही’ अक्षरासारखी छोटी खाच दिलेली असते. ती लांबूनही ओळखता येते. नर, मादी, खाच आहे, खाच नाही, अशा चार रकान्यांत नोंद करा. हा अर्ध्या तासाचा कागद हाती असला की महापालिकेकडे तक्रारीऐवजी नेमकी मागणी जाते : या अमुक माद्या राहिल्या आहेत, त्या आधी न्या. रोज खाऊ घालणाऱ्या ताईंना त्या पहाटे सोबत घ्या. जी मादी जाळीवाल्याच्या हाती लागत नाही, ती त्यांच्या हाकेला येते. संस्थेतला निम्मा वादही त्या दिवशी मिटतो, असा माझा अनुभव आहे.

जयपूरचे उदाहरण देतो. तिथे एका प्राणीसेवी संस्थेने नोव्हेंबर 1994 ते डिसेंबर 2002 या काळात ठरावीक भागात सलग नसबंदी आणि रेबीजची लस असे काम केले. त्या भागातल्या सुमारे 65 टक्के माद्यांपर्यंत ते पोहोचले, तेव्हा कुत्र्यांची संख्या 28 टक्क्यांनी उतरली. हा उतार मंद आहे, हे मी लपवणार नाही. पण तो उतार आहे, आणि एकाच भागात ठाण मांडून आठ वर्षे काम केल्यामुळे तो मिळाला. हीच शस्त्रक्रियांची संख्या सगळ्या शहरात विखरून टाकली असती तर काहीच दिसले नसते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमके हेच होते : तक्रार येईल तिथे गाडी जाते, चार कुत्री उचलते, आणि पुढच्या तक्रारीकडे वळते.

आता दूर सोडण्याविषयी. केंद्र सरकारचे 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात, की शस्त्रक्रिया आणि लसीकरण झालेले कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडायचे. यामागे भूतदयेइतकाच व्यवहार आहे. कुत्रे टिकते ते उकिरड्याच्या, हॉटेलच्या मागच्या बाजूच्या आणि चिकनच्या दुकानापुढच्या खाण्यावर. ते खाणे तसेच ठेवून कुत्री हलवली तर मोकळ्या जागेवर शेजारच्या भागातली, लस न घेतलेली आणि वीण सुरू असलेली कुत्री येतात. दूर नेलेली कुत्री नव्या हद्दीत भांडतात, परत यायला निघतात, रस्त्यावर मरतात. नसबंदी झालेले, लस घेतलेले, तुमच्या मुलांना ओळखणारे कुत्रे हा त्या गल्लीचा पहारा असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांविषयीही अनेकांनी विचारले आहे. 11 ऑगस्ट 2025 रोजी दिल्ली आणि परिसरातली सर्व भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश झाला होता. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि रेबीजग्रस्त, संशयित वा आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत असे सांगितले. त्यानंतर 7 नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री पुन्हा तिथे सोडू नयेत असे ठरवले. आपले आवार या यादीत बसत नाही.

शेवटची विनंती वेळेविषयी. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. मादी भाद्रपदात लागली की कार्तिक-मार्गशीर्षात पिल्ले होतात. मग त्या मादीला उचलता येत नाही, कारण दूध पाजणारी मादी नेली तर मागे पिल्ले भुकेने मरतात. म्हणून ज्येष्ठ-आषाढातच, पाऊस असला तरी, माद्यांच्या शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. आपल्याकडे निविदा निघेपर्यंत दिवाळी येते, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या पोटरीला अंगणात कुत्रे चावले. थोडेच रक्त आले. सासूबाईंनी चुना आणि हळद लावली. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात दंडावर इंजेक्शन दिले, पण जखमेजवळ काही दिले नाही. ते कुत्रे पुन्हा दिसले नाही. शेजारी म्हणतात, पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात. (एक आई, तासगाव तालुका)

ताई, हे पत्र छापून येईपर्यंत न थांबता मी आपल्याला स्वतंत्रपणे कळवले आहेच. इथे लिहितो ते इतरांसाठी.

रक्त आले, म्हणजे थोडे आले की फार आले हा प्रश्न उरत नाही. कातडी भेदून रक्त निघालेली जखम तिसऱ्या श्रेणीची असते, आणि तिला दोन गोष्टी लागतात : दंडावरची लस आणि खुद्द जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन. लस शरीराला विषाणूशी लढायला शिकवते, पण त्या शिकवणीला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर जखमेतला विषाणू तिथेच अडवण्याचे काम इम्युनोग्लोब्युलिन करते, म्हणून ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. पहिल्या लसीच्या दिवशीच ते देणे उत्तम. राहून गेले असेल तर सात दिवसांच्या आत द्यावे. ज्या केंद्रात ते नसेल तिथून उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवणे हे तिथल्या डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि ‘जखमेत द्यायचे औषध दिले का?’ असे विचारणे हा आपला हक्क आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला केवळ हा प्रश्न कुणी न विचारल्यामुळे तीन दिवस लस देऊन नुसते घरी पाठवले जात होते. चौथ्या दिवशी त्याच्या मामांनी विचारले, म्हणून तो मुलगा वाचला असे मी मानतो.

पोटातली चौदा इंजेक्शने ही जुनी गोष्ट आहे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे आणि आपल्या देशातून ती वीस वर्षांपूर्वीच हद्दपार झाली. आज सरकारी दवाखान्यात कातडीत द्यायची लस पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. यातला पहिला डोस ‘शून्य दिवस’ धरला जातो. स्नायूत द्यायची असेल तर चौदाव्या दिवशी आणखी एक डोस असतो. शेवटचा डोस बहुतेक लोक चुकवतात, कारण तोवर जखम भरलेली असते. तो चुकवू नका.

कुत्रे सापडत नसेल तर ते रेबीजचे होते असेच धरून सगळे डोस पूर्ण करावेत. कुत्रे नजरेसमोर असते तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवले असते, पण उपचार तेव्हाही पहिल्याच दिवशी सुरू करायचे असतात. एकदा का पाण्याची भीती, वाऱ्याची भीती अशी लक्षणे दिसू लागली की या रोगातून माणूस वाचत नाही, असेच धरून चालावे. लक्षणे चाव्यानंतर बहुधा एक ते तीन महिन्यांनी येतात. हा मधला अवधी हीच आपली संधी असते.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी प्रेमाने केले. मात्र त्यांना दाखवून द्या, की चुना, हळद, तिखट, तेल यांपैकी काहीही जखमेवर लावायचे नसते. मुलाला मोरीत पाटावर बसवावे, नळ सोडावा, अंगाचा वा कपड्यांचा कोणताही साबण घ्यावा आणि घड्याळाकडे पाहत पंधरा मिनिटे जखम धूत राहावे. पोर रडते, पंधरा मिनिटे फार वाटतात, चौथ्या मिनिटाला हात थांबतो. तो थांबू देऊ नये. या विषाणूचे वेष्टन चरबीचे असते आणि साबण ते विरघळवतो. हे मोरीतले काम घरातली आजीच सर्वांत चांगले करू शकते.

प्रश्न : वाडीतल्या कुत्र्यांच्या टोळीने दोन महिन्यांत माझी चार करडे मारली. पंचायत काही करत नाही. विष घालू नये तर काय करावे? (शेळीपालक, सांगोला तालुका)

चार करडे म्हणजे घरातला वर्षाचा हिशेब कोलमडणे. आपला संताप मी समजू शकतो. तरीही विष घालू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली तो गुन्हा आहे, आणि विषाचा गोळा कुत्रेच खाईल याची हमी नसते. खोकड, घार, शेजाऱ्याचे राखणीचे कुत्रे, कुणीही त्याला बळी पडते.

शिवाय मारून कुत्री कमी होत नाहीत, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. 1832 साली मुंबईत इंग्रजांनी कुत्र्यामागे आठ आणे देऊन कुत्री मारवली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि बाजार बंद पडला. त्यानंतरही मारणे चालूच राहिले. 1994 च्या सुमारास महापालिकेने ते सोडून नसबंदी स्वीकारली. इतक्या वर्षांत मुंबईतली कुत्री संपली नाहीत.

आपल्या वाडीत मेलेले जनावर कुठे टाकतात आणि कोंबड्यांच्या शेडमधली मेलेली पाखरे कुठे जातात, हे पाहा. पूर्वी मेलेले ढोर गिधाडे तासाभरात साफ करीत. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या ढोरांतून पोटात गेल्यामुळे गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक संपली. 2006 साली ते औषध जनावरांना देण्यावर बंदी आली, पण तोवर त्यांच्या पंगतीला कुत्री बसली होती. मांसाची चटक लागलेली टोळी तिथेच तयार होते. ग्रामसभेत मेलेली जनावरे खोल पुरण्याचा ठराव मांडा, करडांना रात्री छत असलेल्या जाळीच्या खुराड्यात कोंडा, आणि पंचायतीने पशुसंवर्धन विभागाकडे टोळीतल्या माद्यांच्या नसबंदीची लेखी मागणी करावी असा आग्रह धरा. हे सारे सावकाश होणारे आहे, पण खुराडे आठवडाभरात उभे राहते. सुरुवात तिथून करा.

प्रश्न : रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणे बेकायदा झाले आहे का? (विद्यार्थी, पुणे)

नाही, पण कुठेही घालणे चालत नाही. जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याची जागा टाळून ठरवून दिलेल्या ठिकाणीच, ठरलेल्या वेळी खाऊ घालावे आणि उरलेले उचलावे. जो रोज खाऊ घालतो त्याने त्या कुत्र्यांच्या नसबंदीचा पाठपुरावाही करावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

प्रश्न : गोव्यात रेबीज आटोक्यात आला असे वाचले. आमच्या जिल्ह्यात ते शक्य आहे का? शाळेतल्या मुलांना काय शिकवावे? (शिक्षिका, सिंधुदुर्ग)

शक्य आहे. गोव्यात 2013 पासून ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून वाडी-वाडीत फिरून लस दिली. मोबाइलवरच्या नकाशात कोणती गल्ली झाली आणि कोणती राहिली हे दिसत असे, त्यामुळे भाग सुटत नव्हता. वर्षाला 95 हजारांहून अधिक कुत्र्यांना, म्हणजे सुमारे 70 टक्क्यांना, लस मिळू लागली. 2019 पर्यंत कुत्र्यांमधल्या रेबीजचे महिन्याचे प्रमाण 92 टक्क्यांनी घटले, माणसांचे मृत्यू थांबले, आणि 2021 साली गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. तिथे नसबंदीची वाट न पाहता आधी लस दिली गेली, हा आपल्या जिल्ह्यासाठी मोठा धडा आहे. शस्त्रक्रियेला टेबल आणि सर्जन लागतो. लसीला जाळी, शीतपेटी आणि चालायला तयार असलेली चार माणसे पुरतात. मात्र नवी पिल्ले जन्मत राहतात, म्हणून हे दरवर्षी करावे लागते. गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या पलीकडची कुत्री लस घेतलेली आणि अलीकडची न घेतलेली, असे असून दोघांचेही भागत नाही.

त्याच मोहिमेत दरवर्षी सुमारे दीड लाख शाळकरी मुलांपर्यंत धडे पोहोचवले गेले. आपण वर्गात सांगण्यापेक्षा मैदानावर करून घ्या. एका मुलाने कुत्रे व्हावे, दुसऱ्याने दप्तर घेऊन यावे. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याच्या जवळ जायचे नाही. कुत्रे अंगावर आले तर पळायचे नाही, ओरडायचे नाही. हात अंगाशी घेऊन, नजर जमिनीकडे ठेवून झाडासारखे उभे राहायचे. खाली पडलो तर गुडघे पोटाशी आणि हात कानांवर. चावले किंवा ओरखडले तर ते घरी लगेच सांगायचे, आणि सांगितल्याबद्दल ओरडा मिळणार नाही हे पालकसभेत पालकांकडून कबूल करून घ्यावे. कारण मार मिळेल या भीतीने पोरे चावा लपवतात. कुत्रे हुंगून निघून गेले की मनात दहापर्यंत मोजायचे आणि मग चालत, न धावता, शाळेची वाट धरायची.