“हे हाक मारतात” आणि “आवाजें आती हैं”

प्रश्न: बाबा गेल्यावर आईला साताऱ्याहून आमच्याकडे ऐरोलीला आणलं. छातीत धडधड, झोप नाही, इसीजी नॉर्मल, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टर हिंदी बोलणारे, आईला हिंदी सिरियलपुरतंच कळतं, त्यामुळे मधे मीच बोलत होते. आई म्हणाली “रात्री हे हाक मारतात”, मी सांगितलं “इनको आवाजें आती हैं”. त्यांनी सायकोसिसची (भास-भ्रम होणाऱ्या आजाराची) गोळी दिली. ह्यूस्टनची बहीण म्हणते तिकडे स्पॅनिश बोलणाऱ्यांचंही असंच होतं. भाषेने खरंच एवढा फरक पडतो का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: पडतो ताई, आणि तुमच्या पत्रातच दिसतोय की. आईने एका माणसाची हाक सांगितली, डॉक्टरांच्या कानावर पडल्या “आवाजें”! नवरा गेल्यावर त्याची हाक ऐकू येणं, तो दारात उभा दिसणं हे दुःखात पुष्कळांना होतं, तेवढ्यावरून सायकोसिस ठरत नाही. तिकडचे स्पॅनिश बोलणारे लॅटिनो पेशंटही गेलेलं माणूस दिसलं, बोललं असं सहज सांगतात आणि तिथेही गडबड होते.

त्यांच्यात “आताके दे नेर्व्हियोस” म्हणतात, म्हणजे घरात कुणी गेलं, मोठं भांडण झालं की बाई किंचाळते, रडते, थरथरते, छातीतून डोक्यात गरम वाफ चढते. डॉक्टरला तो पॅनिक अटॅक वाटू शकतो. आपल्याकडे अशा वेळी आधी कांदा हुंगवतात, डॉक्टर नंतर.

१९७३ साली न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाच्या स्पॅनिश बोलणाऱ्या पेशंटना दोन्ही भाषांत प्रश्न विचारले तर इंग्रजीत तेच लोक जास्त आजारी वाटले, कारण शब्द सापडेना की माणूस अडखळतो, गप्प होतो, एका शब्दात उत्तर देतो. पण काही डॉक्टरांना उलटंही दिसलंय, मातृभाषेत आजार जास्त उघडा पडतो, त्यामुळे मराठीत विचारलं की सगळं ठीकच निघेल असं धरून चालू नका हं. अमेरिकेतल्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात (२०१३) त्यासाठीच १६ प्रश्न दिलेत, त्यात हा त्रास घरच्यांना तुम्ही कसा सांगता हेही विचारतात.

गोळी मनाने बंद करू नका. त्याच डॉक्टरांना आईचं मूळ वाक्य जसंच्या तसं सांगा, बाबा कधी गेले तेही (ते सांगितलं होतं का? पत्रात नाहीये). जमलं तर ठाण्यात किंवा वाशीत मराठी बोलणारे डॉक्टर बघा आणि थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा, लेकीसमोर आई सगळं बोलणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून फुकट बोलता येतं.

आणि हाक मारून ते पुढे काय म्हणतात, हे आईला विचारलंत का? “चहा टाक” म्हणत असतील तर पुढच्या व्हिजिटला सांगितलं तरी चालेल, पण “शेजारीण जेवणात काहीतरी घालतेय” किंवा “तू पण ये” असं काही असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.