दंडाऐवजी सामुदायिक सेवा मिळेल का? आधी कलम आणि किंमत पाहा

आपला भाचा 19 वर्षांचा आहे, कराड तालुक्यातल्या एका विहिरीवरची मोटारीची केबल चोरल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल आहे, केबल पोलिसांनी जप्त केली आहे, आणि दंड झाला तर तो भरण्याची घरची ऐपत नाही. तेव्हा दंडाऐवजी त्याच्याकडून समाजसेवा करून घ्यावी अशी विनंती न्यायालयाला करता येईल का, असे आपण विचारले आहे. कराड आणि साताऱ्याच्या न्यायालयांत वकिली करताना हा प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ज्याला दंड परवडत नाही त्याला सेवेचा पर्याय मिळतो, हा समज चुकीचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 4 मध्ये सामुदायिक सेवा ही शिक्षा आली ती 1 जुलै 2024 पासून, आणि तीही मोजक्या सहा गुन्ह्यांपुरती: लोकसेवकाने बेकायदा व्यापार करणे, जाहीरनामा निघूनही न्यायालयात हजर न होणे, लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे, किरकोळ चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन आणि अब्रुनुकसानी. दारूच्या बाबतीतही पोलिसांनी संहितेचे कलम 355 न लावता महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचे कलम 85 लावले, तर हा पर्याय उरत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने सामुदायिक सेवा आणली खरी, पण तिथे ती तडजोड रकमेच्या (खटला न चालवता गुन्हा मिटवण्यासाठी भरायच्या पैशांच्या) जोडीला आहे, तिच्या ऐवजी नाही.

आता भाच्याचे प्रकरण. न्याय संहितेच्या कलम 303(2) च्या परंतुकानुसार (म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादानुसार) चोरीच्या मालाची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल, आणि माल किंवा त्याची किंमत परत झाली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेचीच होते. तिथे दंडाचा विषयच येत नाही. मात्र एवढ्या कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. ज्या अर्थी गुन्हा नोंदवून केबल जप्त झाली आहे, त्या अर्थी फिर्यादीत किंमत 5,000 किंवा त्याहून जास्त लिहिली असावी, नाहीतर आणखी एखादे कलम लावलेले असावे. म्हणून अर्जाचा विचार करण्याआधी फिर्याद, जप्ती पंचनामा आणि दोषारोपपत्र यांच्या नकला काढून घ्या.

पंचनाम्यात किंमत कशी लिहिली आहे हे नीट वाचा. आपल्याकडे शेतकरी फिर्याद देताना बहुधा नव्या केबलचा दुकानातला भाव सांगतो, आणि पोलीस तोच आकडा उतरवून घेतात. प्रत्यक्षात केबल चार-पाच पावसाळे खाल्लेली, ठिकठिकाणी जोड दिलेली असते. उलटतपासात खरेदीची पावती, केबलची लांबी आणि वापराचा काळ विचारून चोरीच्या दिवशीची किंमत न्यायालयापुढे आणता येते, आणि ती 5,000 च्या खाली गेली तर परंतुकाचा लाभ मागता येतो. दुसरी बाब जागेची. केबल उघड्या विहिरीवरून काढली असेल तर कलम 303(2) लागते. पण ती स्टार्टरच्या खोलीतून नेली असेल, तर माल ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतील चोरी म्हणून कलम 305 लागू शकते. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि सामुदायिक सेवा नाही.

माझे स्पष्ट मत असे की किंमत आणि कलम दोन्ही अनुकूल असली तरी सामुदायिक सेवा हा पहिला पर्याय धरू नये. ती शिक्षा आहे, आणि दोषसिद्धीशिवाय शिक्षा होत नाही. उद्या मुलगा पोलीस भरतीला उभा राहिला तर चारित्र्य पडताळणीत ती नोंद पुढे येईल. कलम 303(2) ची चोरी मालमत्तेच्या मालकाशी तडजोड करून मिटवता येते, आणि अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा असतो. केबलवाला शेतकरी बहुतेक त्याच शिवारातला असेल; दोन वडीलधारी माणसे मध्ये घालून त्याच्याशी बोलणे शहाणपणाचे. तडजोड जमली नाही, तर 1958 च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती करावी. 21 वर्षांखालील आरोपीला तुरुंगात पाठवण्यापूर्वी न्यायालयाला त्याची कारणे नोंदवावी लागतात, आणि या कायद्याखाली सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही.

एवढे करूनही सेवेवरच वेळ आली, तर अर्ज मोघम नको. समाजाच्या उपयोगी पडणारे आणि मोबदला नसलेले काम एवढीच व्याख्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या, कलम 23 मध्ये आहे. तास किती, जागा कोणती, देखरेख कोणाची, हे संहितेत लिहिलेले नाही. इंग्लंडने 1972 च्या कायद्यात किमान 40 आणि कमाल 240 तास अशी चौकट घालून दिली होती. आपल्याकडे ती नसल्यामुळे ते काम वकिलाच्या अर्जाला करावे लागते. एसटीने जाता येईल असे उपजिल्हा रुग्णालय किंवा नगरपालिकेचा विभाग, रोज किती तास, हजेरीवर सही कोणाची, हे अर्जात लिहा. मजुरीवर जाणाऱ्या मुलाला सलग पंधरा दिवस बिनपगारी राबवणे म्हणजे घरच्यांना दुसऱ्या वाटेने दंड करणेच आहे, म्हणून रविवार मागा. काम निवडताना जोखीमही पाहावी: डिसेंबर 2020 मध्ये मास्क न घालणाऱ्यांना कोविड केंद्रात सेवेला लावण्याच्या गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी स्थगिती दिली होती. आणि गावच्या चौकात झाडू हातात देऊन फोटो काढायला लावणारी सेवा मला मान्य नाही. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानाने 1939 मध्ये कैद्यांची खुली वसाहत उभारली, तेव्हा त्यांच्या हाती शेती दिली. धिंड काढली नव्हती.

सेवेचा आदेश मिळाल्यावर ती टाळणे महागात पडते. न्याय संहितेच्या कलम 8 प्रमाणे कसूर केल्यास साधी कैद होते. दंड 5,000 पर्यंत असेल तर दोन महिने, 10,000 पर्यंत असेल तर चार महिने आणि इतर बाबतीत एक वर्ष, अशी तिची कमाल मर्यादा आहे. किरकोळ चोरीच्या परंतुकात दंडाची रक्कमच नसल्याने एक वर्षाची मर्यादा लागू होते, असा युक्तिवाद सरकार पक्ष करू शकतो. त्यामुळे हजेरीपत्रकाची नक्कल भाच्याने स्वतःजवळ ठेवावी आणि काम संपल्यावर संबंधित अधिकाऱ्याचा दाखला न्यायालयात दाखल करून त्याची पोच घ्यावी.

शेवटी फक्त दंडाचीच शिक्षा झाली, तरी पैसे त्याच दिवशी भरले नाहीत म्हणून लगेच आत जावे लागतेच असे नाही. 30 दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. निकाल लागताच, त्याच वेळी, वकिलांना तसा अर्ज द्यायला सांगा.