चार फॉल्ट कोड एकदम आलेत, गॅरेजवाला ईसीएम बदला म्हणतोय, बदलू का?

थांबा दादा, ईसीएमला (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) अजून हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की पावसात त्र्यंबकला जाऊन आल्यापासून चेक इंजिन लाइट लागलाय, गाडी मधेच बंद पडते आणि स्कॅनरवर पी०५६२, यू०१००, पी०३४० आणि पी०११३ असे चार कोड दिसतात. चार पार्ट एकाच दिवशी मरत नाहीत हो. मी मेकॅनिक नाही, अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, आमच्याकडे मशीनवर दहा अलार्म एकदम आले की आधी सप्लाय आणि अर्थिंग बघतात, गाडीतही तेच करायचं.

कोड सर्किट सांगतो, पार्ट नाही. पी०३४० म्हणजे कॅम सेन्सरच्या (इंजिनचा कॅमशाफ्ट कुठे आहे ते सांगणारा) सर्किटमध्ये गडबड, ती सेन्सरची असेल, वायरची असेल नाहीतर कपलरमध्ये, म्हणजे वायर जोडायच्या प्लगमध्ये, पाणी गेलं असेल. यू०१०० म्हणजे गाडीतल्या बाकीच्या मॉड्यूलना (छोट्या कॉम्प्युटरना) इंजिनच्या ईसीएमशी बोलता येत नाही. आणि पी०५६२ म्हणजे सिस्टीमचा व्होल्टेज कमी, मला तर या चौघांत हाच मूळ वाटतो.

माझ्या २०१४ च्या पेट्रोल गाडीचं असंच झालेलं. गॅरेजमध्ये कॅम सेन्सर दोनदा बदलला, कोड मिटवला की दोन दिवस लाइट बंद आणि तिसऱ्या दिवशी मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी बंद, मागून हॉर्नवर हॉर्न. शेवटी रविवारी मीच मीटर घेऊन बसलो. बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे ठीकच, आणि तिथेच मी फसलो कारण लोड नसताना सगळं ठीकच दिसतं. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर उघड्या लोखंडाला धरली आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे ०.२-०.३ व्होल्टच्या आत यायला पाहिजे, माझ्याकडे दीडच्या वर गेलं! गिअरबॉक्सवरची अर्थची पट्टी वरून चकाचक होती, कव्हर कापलं तर आत हिरवी भुकटी. नवी पट्टी, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासला, काम काही शे रुपयांत झालं.

तुम्हीही आधी हेच बघा, पण त्याआधी स्कॅनरवरच्या कोडचे आणि फ्रीझ फ्रेमचे (कोड आला त्या क्षणाची रीडिंग) फोटो काढून ठेवा, मिटवलं की तो पुरावा गेला. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ येतं का बघा, नसेल तर अल्टरनेटरकडे वळा. पट्टी खोलताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा, आणि पिवळ्या कपलरच्या वाटेला जाऊ नका, ते एअरबॅगचे असतात.

पी०११३ (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमान सेन्सरचा कोड) एकटाच उरला तर सोपं आहे. स्कॅनरवर हवेचं तापमान उणे ४० दाखवत असेल (निफाडलाही एवढी थंडी पडत नाही) तर कपलर सुटलाय, वायर तुटलीय किंवा सेन्सर गेलाय. सेन्सर दोन वायरचा असेल तर कपलर काढून त्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा, आकडा एकदम वर गेला तर वायरिंग चांगलं आणि सेन्सर खराब. आणि हो, गाडी बिल्डिंगखाली उभी असते ना? मग उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा, पावसात हमखास बॉनेटखाली येऊन बसतात.

हे सगळं ठीक निघालं आणि यू०१०० तरी जात नसेल तर बॅटरी काढून थोडं थांबा आणि ओबीडी पोर्टच्या (स्कॅनर लावतात ते सॉकेट) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. कॅनवाल्या गाडीत (कॅन म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती दोन वायरची लाइन) साधारण ६० यायला पाहिजे, १२० आले तर एका बाजूची लाइन तुटलीय. ६० आले आणि ईसीएमच्या कपलरला सप्लाय आणि अर्थ दोन्ही पक्के मिळत असतील तरच गॅरेजवाल्याशी ईसीएमचं बोला. सेल्फ मारताना ब्लॉकवर किती आले तो आकडा टाका, बघू.