होडी हर्णैला, मालक बडोद्याला

गेल्या अंकात आम्ही लिहिलं होतं की समुद्रात मासेमारीसाठी स्वतःची छोटी होडी ठेवणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात. बडोद्यातून दोन-तीन पत्रं आली तरी पुष्कळ असं वाटलेलं, पण इथल्या बऱ्याच मराठी घरांची सासुरवाडी, आजोळ नाहीतर वाडी कोकणात आहे हे विसरून कसं चालेल, पत्रांचा गठ्ठाच आला. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मेव्हण्याच्या आणि माझ्या भागीत हर्णैजवळ १८ फुटी फायबरची होडी आहे, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. आम्ही दिवाळीत आणि मे महिन्यात जातो. दरवेळी पहिले दोन दिवस इंजिन चालूच होत नाही, मेकॅनिक येतो, कार्बोरेटर साफ करतो, पैसे घेतो, की मग चालतं. इंजिन कंपनी बदलावी का? – एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : कंपनी नका बदलू हो. तुमच्या मेकॅनिकचंही काही चुकत नाहीये, तो दरवेळी जे साफ करतोय तेच तुम्ही जाताना परत आत भरून ठेवताय. टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तसंच ठेवून तुम्ही बडोद्याची गाडी पकडता ना? हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यात कोकणातली दमट हवा. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतं, आणि इंजिनाला पेट्रोल ओढणारी नळी पण तळाशीच असते, म्हणजे सहा महिन्यांनी दोरी ओढली की पहिला घोट पाण्याचाच. कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि जेटच्या बारीक भोकात चिकट थर उरतो. केसाएवढं भोक असतं ते, बंद व्हायला किती वेळ लागणार.

तेव्हा शेवटच्या दिवशी काय करायचं ते नीट सांगतो, कारण यातच निम्मं मेन्टेनन्स आलं. होडी वर काढल्यावर इंजिन उभं ठेवायचं, खालच्या पायावर दोन्ही बाजूंना जी पाणी ओढायची जाळी असते तिच्यावर रबरी कप बसवायचे, त्याला बागेचा पाइप लावायचा, आधी नळ सोडायचा आणि मगच इंजिन चालू करायचं. क्रम उलटा नको, कारण पाण्याच्या पंपात रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारी पाकळ्यांची चकती, असतो आणि तो कोरडा फिरला तर काही सेकंदात जळतो. वाडीत नळ नसेल तर मोठं पिंप घ्या, त्यात इंजिनाचा पाय पंख्याच्या वरच्या पट्टीपर्यंत बुडला पाहिजे. न्यूट्रलमध्ये, हळू, दहा-पंधरा मिनिटं. मागून जी बारीक धार पडते तिच्यावर नजर ठेवा, बोट लावून बघा, कोमट आणि जोरात असली पाहिजे. धार अडकत असेल तर आत मीठ साठलंय नाहीतर इम्पेलर गेलाय. मीठ आतल्या पाण्याच्या वाटांमध्ये खड्यासारखं बसतं आणि मग इंजिन तापतं, हे बाहेरून कुणाला दिसत नाही. धुऊन झालं की इंजिन चालू असतानाच पेट्रोलची नळी काढायची आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा. ते बंद पडल्यावरच नळाचं पाणी तोडायचं. टाकीतलं उरलेलं पेट्रोल मेव्हण्यांच्या स्कूटरमध्ये जाऊ दे, पण इंजिन टू-स्ट्रोक असून त्यात ऑइल मिसळलेलं असेल तर नको.

आता खरी गोष्ट. हे फक्त शेवटच्या दिवशी करायचं काम नाहीये, खाऱ्या पाण्यातून आल्यावर प्रत्येक वेळी करायचं असतं. आणि तुम्ही सहाशे किलोमीटरवर. मला विचाराल तर भागीत होडी घेताना पैसे निम्मे-निम्मे हे सगळे लिहून ठेवतात, पण आल्यावर धुणार कोण हे कुणीच ठरवत नाही, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. वाडीत कामाला कुणी माणूस असेल तर त्याला महिन्याचे पैसे ठरवून द्या, आणि तुम्ही नसताना पंधरवड्यातून एकदा त्याच्याकडून इंजिन पिंपात घालून चालवून घ्या, नव्या पेट्रोलवर. पडून राहिलेल्या इंजिनापेक्षा रोज चालणारं इंजिन कमी कुरकुरतं. आणि पेट्रोलच्या नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, त्याच्या तळाशी पारदर्शक वाटी असेल तर पाणी साठलेलं डोळ्यांनी दिसतं.

प्रश्न : कोकणापर्यंत कशाला जायचं? कावी-कंबोईला समुद्रच आहे, बडोद्याहून ऐंशीएक किलोमीटर. तिथेच एखादी छोटी होडी ठेवली तर दर रविवारी जाता येईल. – मांजलपूरचे तिघे मित्र

उत्तर : तुम्ही तिथल्या स्तंभेश्वरला दर्शनाला गेला असाल, तर शिवलिंग पाण्याखाली जातं आणि परत उघडं पडतं ते बघितलंच असेल, दिवसातून दोनदा. लोक त्याला चमत्कार म्हणतात, श्रद्धेला माझा नमस्कार, पण होडीवाल्याने तिथे उभं राहून वेगळा विचार करायला हवा की एवढं पाणी जातं कुठे. खंभातचं आखात आत येता येता निमुळतं होतं आणि भरतीचं पाणी चढत जातं, भावनगरकडे उधाणाला पाण्याची चढउतार दहा मीटरच्या आसपास जाते. तीन मजली घर धरा. म्हणून तर भावनगर बंदराला पाणी अडवायला लॉकगेट करावं लागलं. ओहोटीला किनारा मैलोन् मैल मागे जातो आणि उरतो तो चिखल, गुडघ्यापर्यंत रुतणारा, त्यातून होडी ढकलणं तिघांचं काम नाही. प्रवाह असा असतो की छोटं इंजिन पूर्ण रेसवर असूनही किनाऱ्यावरचं झाड तिथल्या तिथेच दिसतं. आणि गाळ. २०१७ मध्ये घोघा-दहेज फेरीबोट मोठ्या थाटात सुरू झाली होती, आठवत असेल, गाळ साठून ती बंद पडली आणि २०२० मध्ये दहेजऐवजी हजिऱ्याहून फेरी सुरू केली. एवढ्या मोठ्या बोटीची ही गत.

तिथले मच्छीमार जातात की, असं म्हणाल. जातात, पण ते पाण्याबरोबर जातात आणि पाण्याबरोबर येतात, घड्याळ रविवारचं नसतं. त्यांच्याबरोबर विचारून एखादी फेरी करा, स्वतःची होडी मात्र तिथे नको, निदान पहिली तरी नको.

जाता जाता, कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, दुपारी आणि रात्री. पंचांग खिशात असलं की काम झालं, अंदाजापुरतं. हा हिशोब खंभातच्या आखातात लावू नका, आत भरती काही तास उशिरा पोचते.

प्रश्न : आमचे हे सेकंडहँड इंजिन घ्यायला अलिबागकडे निघालेत, विकणारा म्हणतो "एकदम कंडिशनमध्ये". मला यातलं काही कळत नाही, पण पैसे माझ्या एफडीतले आहेत. आणि लाइफ जॅकेट घ्या म्हटलं तर हे म्हणतात आम्हाला सगळ्यांना पोहता येतं. – कारेलीबागेतील वाचक

उत्तर : ताई, तुम्हीही बरोबर जा. पोचल्या पोचल्या इंजिनावर हात ठेवून बघा, गरम लागलं तर समजा तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू झालं पाहिजे, तेही पाण्यात किंवा पाइप लावून. मग खालच्या पायाचा तळाचा स्क्रू उघडायला सांगा, थोडं गिअर ऑइल बशीत पडू द्या. काळं असलं तर नुसतं जुनं आहे, बदललं की झालं. पण चहासारखं दुधाळ असलं तर सील गेलंय आणि आत समुद्राचं पाणी गेलंय, बहुतेक वेळा पंख्यामागे गळाची दोरी गुंडाळून सील कापलं जातं. पंखा काढून बघा, दोरीचे तुकडे अजून तिथेच सापडतील. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायला गेज लागतं, मेकॅनिककडे असतं, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत, एक भरपूर खाली असेल तर सरळ उठा. नवा रंग दिसला तर खूश होऊ नका, रंगाखाली काय लपवलंय ते विचारा. आणि इंजिन नंबर पावतीवरच्या नंबराशी जुळवून मगच पैसे. विकणाऱ्याने यातल्या एका गोष्टीला जरी "त्याची काय गरज" म्हटलं तर तुमचं उत्तर तयार आहे.

जॅकेटबद्दल. १८ जानेवारी २०२४ ला आपल्याच हरणी तलावात काय झालं ते बडोद्यात कुणाला सांगायला नको, १४ जणं गेली, त्यात १२ शाळेतली मुलं, आणि तो तलाव होता, समुद्र नाही. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि जॅकेटं सगळ्यांच्या अंगात नव्हती. पोहता येणं आणि डोक्याला मार लागून पाण्यात पडल्यावर तरंगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यजमानांना एवढंच सांगा. जॅकेट बाकाखाली नाही, अंगात. इंजिनाला एक लाल दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवायची, माणूस पडला की इंजिन बंद. ती हरवलीय म्हणून जागच्या क्लिपला सुतळी बांधलेली इंजिनं मी खूप बघितलीत, तुम्ही घ्याल त्यात असेल तर नवी घ्या, फार महाग नसते. कोस्ट गार्डचा मदतीचा नंबर १५५४, फोनमध्ये घालून ठेवा, तुमच्याही. किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाइलची रेंज जाते, तिथे व्हीएचएफ म्हणजे बिनतारी सेटचा १६ नंबर चॅनल कामाला येतो.

प्रश्न : इंजिनाला खाली एक राखाडी धातूचा तुकडा आहे, तो खाल्ल्यासारखा झालाय. रंगवून टाकला तर चालेल का? – रावपुरा

उत्तर : नाही! तो झिंकचा तुकडा खाल्ला जाण्यासाठीच आहे, तो झिजतो म्हणून बाकीचं इंजिन वाचतं. रंगवला की त्याचं काम बंद. निम्मा उरला की नवा लावा.

प्रश्न : आजोबांची लाकडी होडी आहे, पाण्यात बांधलेली असते. वरून छान दिसते पण चाकूचं टोक लावलं तर आत जातं. – प्रतापनगर

उत्तर : लाकूड पोखरणारा जीव लागलाय. शिपवर्म म्हणतात त्याला, पण तो किडा नाहीच, शिंपल्याच्या जातीतला आहे. पिल्लू असताना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत वाढत बोगदा करत जातो, म्हणून वरून फळी चांगली दिसते. होडी पाण्याबाहेर काढून खडखडीत वाळवली की तो मरतो. पोखरलेल्या फळ्या सुताराकडून बदलून घ्याव्याच लागतील, तिथे लांबी (पुट्टी) भरून भागत नाही. मग तेल. काजूच्या टरफलाचं तेल कोकणात जुन्या काळापासून होडीला लावतात, स्वस्त आहे आणि चालतं, फक्त उघड्या हाताने लावू नका, कातडीवर फोड येतात. यापुढे होडी कायम पाण्यात ठेवू नका, काम झालं की वर ओढा.

प्रश्न : जूनमध्ये मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आधी एक फेरी मारावी म्हणतोय, बंदी फक्त मोठ्या ट्रॉलरना असते ना? आणि पावसाळ्यात होडी कशी ठेवायची? – अलकापुरी

उत्तर : नाही, तुमच्या इंजिनवाल्या होडीलाही आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, गुजरातने ती अलीकडे १५ ऑगस्टपर्यंत नेलीय. सूट आहे ती बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना. माशांचा विणीचा काळ असतो हे एक, आणि त्या दिवसांत समुद्र काय असतो हे दुसरं, कोळी लोक उगीच नारळी पौर्णिमेपर्यंत थांबत नाहीत. होडी मत्स्यव्यवसाय खात्याकडे रजिस्टर केलेली आहे का तेही याच निमित्ताने बघून घ्या, नसेल तर बंदरावरच्या कार्यालयात विचारा, बडोद्यात बसून ते काम होणार नाही.

होडी मे संपायच्या आत वर काढा, आणि उधाणाच्या भरतीची रेषा जिथे दिसते तिच्याही बरीच वर. तळाचं बूच काढून सुरक्षित जागी ठेवा, म्हणजे इंजिनाच्या डब्यात नाही, घरात, आणि नाळेकडची, म्हणजे पुढची, बाजू थोडी उंच करा की पडलेलं पाणी मागून निघून जाईल. बूच तसंच ठेवलं तर एका रात्रीच्या पावसात होडी भरते आणि त्या वजनाने फायबरला तडे जातात. खाली दगड नकोत, एकाच जागी टोचतात, जुने टायर किंवा ओंडके कण्याखाली द्या. वरून झावळ्यांच्या झापांनी शाकारून घ्या, तिथली माणसं बरोबर करतात. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळायचा मोह होतो पण आत हवा खेळत नाही, घाम सुटतो, बुरशी येते. इंजिन उतरवून घरात उभंच ठेवा, प्लग काढून भोकात चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडा, दोरी हळू दोन-तीनदा ओढा, प्लग परत लावा. आणि पेट्रोलची रबरी नळी वेगळी काढून डब्यात ठेवा, उंदरांना ती फार आवडते.