एसडीएमचा कागद सरपंचांकडे ठेवून भागत नाही

सांवेर तहसिलीतल्या एका वाचकाने विचारलंय: आबादीत (गावठाणात) घर आहे, मागे दोन गायी आणि मधमाश्यांच्या दहा पेट्या. शेजारच्या मुलाला माश्या चावल्या, तक्रार झाली, एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) कोर्टातून कागद आला. घराच्या आवारात हे पाळायला बंदी आहे का?

महू, देपालपूर, हातोद, सगळीकडून हेच विचारतात आणि सगळ्यांना काळजी परवानगीचीच. गाव पंचायतीत आहे की इंदूर महापालिकेत गेलंय, पंचायतीचा काही ठराव आहे का, यावर ते अवलंबून; चौकशी करा. मधमाशीपालकांच्या सरकारी मधुक्रांती पोर्टलवरची नोंदणी चांगलीच, पण तिने तक्रार थांबत नाही.

तुमचं सगळं त्या कागदावरच्या तारखेवर अडलंय. तुम्ही फोटो पाठवलाय तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 152 खालचा सशर्त आदेश आहे: मुदतीत पेट्या हटवा, नाहीतर हजर राहून हरकत सांगा. तुम्ही सही करून कागद घेतला, सरपंचांना दिला आणि ‘ते बघतील’ म्हणून स्वस्थ बसलात. पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, गेल्या मंगळवारी होऊन गेली! सरपंचांना कागद दिला म्हणजे तुम्ही हजर झालात असं होत नाही. हरकत न घेतल्यास कलम 155 प्रमाणे आदेश कायम होतो, वर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 223 खाली शिक्षेची टांगती तलवार. आणि रीतसर दिलेल्या अशा आदेशाविरुद्ध दिवाणी कोर्टात दाद मागता येत नाही.

उद्याच वकील घेऊन जा आणि फाइल बघा. आदेश कायम झाला नसेल तर गैरहजेरीचं कारण आणि लेखी उत्तर एकत्रच द्या. हे कलम सार्वजनिक उपद्रवासाठी आहे, एका शेजाऱ्याचा त्रास हा दिवाणी दाव्याचा विषय, हा तुमचा मुख्य मुद्दा. पेट्या रस्त्यालगत असतील किंवा तक्रारीवर वस्तीतल्या आणखी लोकांच्या सह्या असतील तर तो टिकेलच असं नाही. आदेश कायम झाला असेल तर प्रमाणित नक्कल काढून 90 दिवसांत सत्र न्यायालयात पुनरीक्षण (आदेश तपासून बघण्याचा अर्ज, रिव्हिजन) दाखल करा. स्थगिती पहिल्याच दिवशी मागा. तारखा पडत राहतील, पेट्या उचलणारे थांबणार नाहीत.

तोवर घाबरून पेट्या आवाराच्या दुसऱ्या टोकाला नेऊ नका. माश्या जुन्याच जागी येऊन घोंगावतात, आणि शेजारी त्याचाच व्हिडिओ कोर्टात दाखवेल. पेट्यांसमोर उंच हिरवी जाळी बांधा, म्हणजे माश्या डोक्यावरून उडतात. जवळच पाणी ठेवा, नाहीतर त्या शेजाऱ्याच्या टाकीवर जातात. दोन्हींचे तारीख दिसेल असे फोटो उत्तराला जोडा.