विल्सन की ओलावे? माझी २०२४ ची चूक तुम्ही करू नका

"कीपर लीगमध्ये एकच जागा उरलीय, गॅरेट विल्सन ठेवू की क्रिस ओलावे?" हा तुमचा फँटसी फुटबॉलचा (खऱ्या एनएफएल खेळाडूंचा संघ बनवून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा खेळ; कीपर लीगमध्ये काही खेळाडू पुढच्या मोसमासाठी ठेवता येतात) प्रश्न वाचला आणि जुनी जखम ठसठसली. याच दोघांपायी माझा अख्खा मोसम वाया गेला होता.

दोघे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, दोघे ओहायो स्टेट विद्यापीठाचे, एनएफएलच्या २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) लागोपाठ १० वा आणि ११ वा, अंगकाठीही जवळपास सारखीच. उंची-वजनाचे तक्ते काढत बसू नका.

मी पैसे भरून दुखापतींचे अंदाज देणारी एक सेवा घेतली होती. नाव घेत नाही. त्यांच्याकडे नुसते हुकलेले सामने मोजायचे. घोटा असो की डोकं, रकाना एकच. १३ ऑक्टोबर २०२४ ला टँपा बेविरुद्ध ओलावेला कन्कशन झालं, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला हादरा. एक सामना बाहेर बसला, २७ ला चार्जर्सविरुद्ध परतला तो ८ झेल आणि १०७ यार्ड घेऊनच. सेवेने लगेच 'धोका कमी' म्हणून टाकलं. मी सोमवारी विल्सन देऊन ओलावे घेतला.

गुरुवारी विल्सनने टेक्सन्सविरुद्ध एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाची, गुण मिळवून देणारी पट्टी) हवेत मागे झेपावत एका हाताने तो झेल घेतला. पंचांनी आधी बाहेर ठरवला, मग रिप्लेत दिसलं की नडगी आत टेकली होती. रविवारी कॅरोलायनाविरुद्ध ओलावे मधोमध आलेल्या उंच पाससाठी ताणला गेला आणि त्याच क्षणी सेफ्टी (बचावातला मागचा खेळाडू) येऊन आदळला. बराच वेळ तो पडूनच होता, शेवटी कार्टवरून नेला. त्या मोसमात पुन्हा उतरला नाही. सेवेला मी तीन ईमेल केले, तिन्हींना तेच छापील उत्तर. आजही आठवलं की डोकं फिरतं.

मी डॉक्टर नाही, तरी माझं मत पक्कं आहे: डोक्याची दुखापत वेगळी मोजा. ओलावेला २०२२, २०२३ आणि मग २०२४ मध्ये महिन्याभरात दोनदा कन्कशन झालं. विल्सन पहिली तिन्ही वर्षं सगळे १७ सामने खेळला, क्वार्टरबॅकची (पास फेकणाऱ्याची) एवढी आबाळ असून दरवर्षी हजार यार्डांच्या वर. २०२५ मध्ये त्याचा गुडघा गेला आणि ओलावेने पुन्हा हजार ओलांडले, हे मान्य. लांब पळून मोकळी जागा काढण्यात ओलावे सरसच आहे. पण अंगावर माणूस असताना चेंडू हिसकावून घेणारा विल्सनच. मी विल्सन ठेवेन. त्याच्या गुडघ्याची बातमी मात्र मोसमाआधीच्या सराव कॅम्पपर्यंत बघा.

आणि गुरुवारी खेळणारा रिसीव्हर फ्लेक्सच्या जागी (जिथे वेगवेगळ्या भूमिकांचे खेळाडू चालतात) लावू नका. रविवारी सकाळी कुणी बाहेर गेला तर ती जागा मोकळी लागते.